पियानो, झाडू आणि तिसरा माणूस

"बाबा, नीट ऐका हं. नुसतं लावून ठेवून पेपर वाचत बसू नका."

मुलगी बंगळुरूला असते आणि तिथून मला अधूनमधून गृहपाठ पाठवते. कधी ओट्स खाऊन बघा, कधी गुडघ्याचा व्यायाम करा, कधी यूपीआयचा पिन बदला. या वेळी जॅझ आला. बिल एव्हान्स नावाच्या अमेरिकन पियानोवादकाची 'वॉल्ट्झ फॉर डेबी' ही तबकडी. सहा गाणी, चाळीस मिनिटांच्या आत सगळा खेळ. तबकडी म्हणायचं आपलं. आली व्हॉट्सॲपवर, निळ्या अक्षरांची एक ओळ होऊन, आणि तिच्याखाली ताकीद होती : 'फार नाजूक आहे. शांत ठिकाणी ऐका.'

शांत ठिकाणी. नाशकात.

गैरसमज नको, गावाबद्दल माझी काही तक्रार नाही. थंडी आहे, द्राक्षं आहेत, मिसळ आहे, आणि गोदावरी आहे म्हणून पाहुणेही कायम आहेत. पण ज्या गावाचं नाव ढोलाला लागलं, त्या गावाकडे शांतता मागणं म्हणजे कोल्हापुरात जाऊन फिका रस्सा मागण्यासारखं आहे. मुंबईत वरात निघाली की लोक 'नाशिक ढोल' सांगतात. 'नाशिक पियानो' सांगितल्याचं अजून कुणाच्या ऐकिवात नाही. बरं, ढोल सोडा. ओझरला सुखोई विमानं तयार होतात आणि त्यांचं उड्डाण आमच्या गच्चीवरच्या पापडांना आधी कळतं. देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे. वारा त्या बाजूचा असला की सकाळच्या चहाला खिडकीची तावदानं हळूच दाद देतात. आमच्या बाजूनं सांगण्यासारखी एकच गोष्ट. मूकपट काढणारे दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढल्यावर त्यांनी आपलं बिऱ्हाड आणि कंपनी मुंबईहून नाशकात आणली. म्हणजे आवाज न करता काही करून दाखवायची परंपरा जिल्ह्यात होती. ती बोलपट आल्यावर बंद पडली.

असो. गृहपाठ टाळायचा तर काही कारण लागतं, आणि माझ्याकडे कारण नव्हतं. एक तर मी निवृत्त. दुसरं म्हणजे मी स्वतःला कानसेन समजतो. बँकेत नोकरी करता करता कालिदास कलामंदिराच्या सातव्या रांगेत मी इतक्या मैफली ऐकल्या आहेत की मान कुठे हलवायची हे मला गायकाच्या आधी कळतं. माझ्याकडे तीन प्रकारचे 'वा' आहेत. एक समेवरचा, एक तान सुखरूप परत आल्यावरचा आणि तिसरा, आपण जागे आहोत हे शेजारच्याला कळावं म्हणून मारायचा.

रविवारी सकाळी सातला बाल्कनीत बसलो. मोबाईल तुळशीच्या कुंडीला टेकवला, चष्मा काढला (का, ते विचारू नका, चष्मा काढला की जास्त ऐकू येतं असं मला वाटतं) आणि लावलं.

पियानोचे दोन-तीन सूर पडले. मग काही नाही. मी थांबलो. मग मोबाईलकडे पाहिलं. नेट गेलं असणार. गंगापूर रोडला आमच्या बाजूला ते जातं. मोबाईल उचलून कठड्याबाहेर धरला आणि लगेच पुढचा सूर आला. रेंज आली म्हणायची. परत कुंडीला टेकवला, परत तेच. पहिल्या गाण्यात मी चार वेळा हात बाहेर काढला. समोरच्या बिल्डिंगमधल्या वहिनींना वाटलं मी त्यांना हात करतोय. त्यांनीही केला. नेट व्यवस्थित होतं हे मला नंतर कळलं. तो माणूसच तसा वाजवतो. एक सूर ठेवतो, तो विरेपर्यंत वाट बघतो, आणि मग दुसरा ठेवावा की नको याचा विचार करतो. आमच्याकडे एवढ्या वेळात आरती होते.

मागे आणखी एक आवाज होता. सर्र, सर्र, सर्र. कुणीतरी झाडत होतं. इतकं नाजूक रेकॉर्डिंग आणि मागे झाडू? मी वाकून खाली पाहिलं. सोसायटीच्या मावशी पायरीवर निवांत चहा पीत होत्या. झाडू भिंतीला टेकवलेला. म्हणजे झाडणारा अमेरिकेत होता.

तो ड्रमवाला निघाला. पॉल मोशन त्याचं नाव. हातात काठ्या नाहीत, तर बारीक तारांचा कुंचा, आणि तो कातड्यावर आपटायचा नाही, गोल गोल फिरवायचा. आमच्या गावात ढोल बडवतात. तिकडे पुसतात. खरं सांगतो, दुसरं गाणं संपेपर्यंत तो आवाज मला आवडायला लागला होता. तेवढ्यात मावशींचा चहा संपला आणि त्यांनी अंगण झाडायला घेतलं. काही वेळ न्यूयॉर्क आणि गंगापूर रोड एकाच लयीत झाडत होते. मग मावशींनी लय वाढवली, कारण त्यांना अजून दोन बिल्डिंगा करायच्या होत्या.

संध्याकाळी मुलीचा फोन.

"कसं वाटलं?"

"उत्तम. पियानो फारच संयत. आणि झाडूसुद्धा."

"आणि बेस? स्कॉट लाफारो? मला तर वाटतं सगळी गंमत त्याचीच आहे."

मी गप्प. बेस? मला पियानो ऐकू आला होता, झाडू ऐकू आला होता. बेस नावाचं तिसरं कुणी आपल्याकडे आल्याचं आठवत नव्हतं. पण बँकेत तेहतीस वर्षं काढल्यावर न पाहिलेल्या फायलीवर मत द्यायची एक कला अंगात मुरते.

"बेसबद्दल काय बोलायचं!" मी म्हटलं. "बोलायलाच नको."

"एक्झॅक्टली!" ती म्हणाली. खूश झाली.

मी मात्र अडकलो. दुसऱ्या दिवसापासून मी रोज तिसरा माणूस शोधायला लागलो. बाल्कनीत, हॉलमध्ये, बाथरूममध्ये (तिथे आवाज घुमतो म्हणून), दुपारी सगळे झोपल्यावर, रात्री दहानंतर. रात्री दहा ते सकाळी सहा कायद्यानं लाउडस्पीकर बंद असतात हे खरं, पण कुत्र्यांना कुणी त्या नियमाची प्रत दिलेली नाही. तीन आठवडे असे गेले. तीन माणसं वाजवतायत असं सगळीकडे लिहिलेलं, आणि मला सापडायची दोन. मला वाटायला लागलं, तिसऱ्याला नुसते पैसे देऊन बसवलं असावं.

दुसरी पंचाईत समेची. मी सम शोधत होतो. जॅझची रीत म्हणजे आधी धून वाजवतात, मग तिच्याच मापाची आवर्तनं घेत ज्याला जे सुचेल ते वाजवतात आणि शेवटी धुनेवर परत येतात. म्हणजे बंदिश आहे, आवर्तन आहे, बढत आहे. सगळं आपल्यासारखंच. फक्त सम आली की आपला तबलजी ज्या थाटात गवयाकडे बघतो, तसं कुणी बघत असेल असं वाटत नाही. तिघेही समेवरून असे सरकतात, जसे देणेकरी किराणा दुकानासमोरून सरकतात. मी माझा पहिल्या प्रकारचा 'वा' सहा वेळा टाकून पाहिला. सहाही वेळा तो एकटाच पडला. मग मी तिसऱ्या प्रकारावर आलो.

नुसत्या कानांनी भागत नाही म्हटल्यावर वाचायला घेतलं. २५ जून १९६१, रविवार. न्यूयॉर्कमध्ये सेव्हन्थ अव्हेन्यूवर 'व्हिलेज व्हॅनगार्ड' नावाचा क्लब आहे. १९३५ साली मॅक्स गॉर्डन नावाच्या गृहस्थानं काढला, अजून चालू आहे. क्लब म्हणजे जिना उतरून जायचं तळघर. सव्वाशे माणसं बसली की भरलं. त्या दिवशी या तिघांनी दुपारी दोन आणि संध्याकाळनंतर तीन अशा पाच बैठका वाजवल्या आणि रेकॉर्ड कंपनीनं सगळ्या टिपून ठेवल्या. त्यातून दोन तबकड्या निघाल्या. ही त्यातली दुसरी, १९६२ची.

डेबी कोण, हे सौ.नं विचारलं.

"नीस आहे त्याची."

"अहो, नीस म्हणजे? भाची की पुतणी?"

आता इंग्रजीला याची फिकीर नसते. शोधावं लागलं. थोरल्या भावाची, हॅरीची मुलगी. म्हणजे पुतणी. सौ.च्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. नातं नीट लागल्याशिवाय तिला कुठलंच संगीत ऐकू येत नाही. "काका बरा दिसतो," ती म्हणाली आणि आत गेली. एव्हान्सचा तळहाताएवढा फोटो तिनं माझ्या खांद्यावरून बघितला होता. चष्मा लावलेला, केस चापून बसवलेला, वाजवताना मान इतकी खाली की नाक पट्ट्यांना लागेल असं वाटावं. आमच्या बँकेत असा एक कॅशिअर होता.

वाचता वाचता मला एक धक्का बसला. त्या तळघरात बसलेले लोक ऐकत नव्हते. सगळेच नव्हे, पण बरेच. ते खात होते, पीत होते, गप्पा मारत होते, हसत होते, आणि तो सगळा ऐवज रेकॉर्डिंगमध्ये उतरलाय. मी पुन्हा लावलं आणि कान दिला. खरंच की! पियानोवाला जीव मुठीत धरून एक सूर ठेवतोय, आणि मागे ग्लास वाजतोय. किण्ण. कुणी काहीतरी पुटपुटतंय. एक बाई हसते. गाणं संपलं की टाळ्या येतात त्या कशा? मोजता येतील अशा. आमच्या कॉलनीत कोजागिरीला दूध आटल्याची घोषणा झाली तरी यापेक्षा जास्त वाजतात.

मला इतका राग आला म्हणून सांगू. इकडे मी तुळशीशेजारी श्वास धरून बसतोय, फ्रिजचं बटण बंद करतोय, पंखा बंद करून घामाघूम होतोय, आणि ज्यांच्यापासून दहा फुटांवर हे वाजत होतं ते लोक बहुधा एकमेकांना बर्फ हवा का विचारत होते! किशोरीताई आमोणकर त्या जागी असत्या तर स्वरमंडळ खाली ठेवून त्यांनी अशी काही कानउघाडणी केली असती की ते तळघर पुढची तीस वर्षं शुद्ध हरपून बसलं असतं.

मग आठवलं, आपल्याकडे तरी काय वेगळं. एका मैफलीत माझ्या मागच्या रांगेतल्या गृहस्थांनी वेफर्सचं पाकीट आणलं होतं. सुसंस्कृत मनुष्य. आवाज होऊ नये म्हणून त्यांनी ते हळूहळू फोडायला घेतलं. विलंबित सुरू झालं तेव्हा एक कोपरा, द्रुत आलं तेव्हा अर्धं पाकीट. एकदाच फाडलं असतं तर सगळ्यांची सुटका झाली असती. ते रेकॉर्डिंग कुठे असेल तर साठ वर्षांनी न्यूयॉर्कचा एखादा निवृत्त बँकवाला कठड्यावर बसून ते पाकीट ऐकेल.

सासरे सध्या आमच्याकडे असतात. वय नव्वदीला टेकलेलं, कान तल्लख, मत त्याहून तल्लख. एका दुपारी ते माझ्या शेजारी येऊन बसले, दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले,

"जावईबापू, हे दाताच्या डॉक्टरकडे वाजतं."

"अण्णा, हे जॅझ आहे."

"असेल. पण हे लागलं की माझी अक्कलदाढ दुखते. आणि आपल्याकडे संगीताला काय दुष्काळ पडलाय?"

आता अण्णांचा जीव की प्राण म्हणजे 'अलबेला'. त्यांनी तो १९५१ साली पाहिला, तोही म्हणे एकाच आठवड्यात तीनदा. मी तोच धागा पकडला. म्हटलं, अण्णा, 'अलबेला'चं संगीत कुणाचं? सी. रामचंद्रांचं. म्हणजे रामचंद्र चितळकर, जन्म १९१८, पुणतांब्याचा. शिर्डीच्या शेजारचं गाव. आणि त्यात ट्रम्पेट कुणाचा? चिक चॉकलेटचा. हा चिक चॉकलेट म्हणजे गोव्याच्या हळदोण्याचा अंतोनिओ झेवियर वाझ. मुंबईच्या ताजमध्ये जॅझ वाजवायचा, लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. 'अलबेला'त तो आपल्या बँडसकट पडद्यावर दिसतोसुद्धा. त्या काळात गोव्याची ही मंडळी रात्री हॉटेलात जॅझ वाजवायची आणि दिवसा फिल्मच्या स्टुडिओत बसायची, आणि येताना बरोबर जॅझ घेऊन यायची. तो आपल्या घराघरांत रेडिओवरून आला, वऱ्हाडी मंडळी त्यावर नाचली, आणि कुणी त्याला जॅझ म्हटलं नाही.

अण्णा विचारात पडले. "म्हणजे मी सत्तर वर्षं जॅझच ऐकतोय?"

"म्हणायला हरकत नाही."

"मग आता परत कशाला ऐकायचा?" आणि ते पडायला गेले.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही. एवढंच म्हणेन की पुणतांबेकरांचा जॅझ कानात शिरताच पाय हलतात, आणि हा शिरला की हलणारे पाय थांबतात. जाता जाता सांगतो. मुंबईत १९७८ साली 'जॅझ यात्रा' नावाचा महोत्सव सुरू झाला. यात्रा म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर त्र्यंबकची निवृत्तीनाथांची, पण ही धोबीतलावच्या रंगभवनात, उघड्या रंगमंचावर भरायची, आणि जगभरचे वादक हजेरी लावायचे. पुढे काय झालं? जवळच रुग्णालयं आणि कॉलेज असल्यानं ती जागा शांतता क्षेत्रात आली आणि तिथले रात्रीचे कार्यक्रम बंद पडले. म्हणजे एका पिढीला शांततेसाठी जॅझ बंद करावा लागला, आणि माझी मुलगी म्हणते शांततेत जॅझ ऐका.

श्रावण उजाडला आणि शांततेचा प्रश्नच मिटला. ढोलपथकांचा सराव सुरू झाला.

भाचा इथे इंजिनीअरिंगला आहे, आमच्याकडेच राहतो, आणि इंजिनीअरिंग सोडून उरलेला सगळा वेळ पथकाला देतो. त्याचा ढोल आमच्या हॉलमध्ये, टीव्ही आणि शोकेसच्या मधे, घरातल्या ज्येष्ठ माणसासारखा बसलेला असतो. एका बाजूला टिपरू, दुसऱ्या बाजूला थाप. टिपरू एकदा बसलं की शोकेसमधला पितळी नंदी अर्धा इंच सरकतो. गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीला तो कडेला पोचला होता.

एका संध्याकाळी मी 'वॉल्ट्झ फॉर डेबी' लावून बसलो होतो आणि हा जमिनीवर बसून ढोलाच्या दोऱ्या ताणत होता. तोंडात दोरीचं टोक, पाय ढोलावर, लक्ष सगळं ढोलाच्या पानाकडे. माझ्याकडे त्याची पाठ. गाणं सुरू होऊन मिनिटभर झालं असेल. तो तोंडातली दोरी न काढता म्हणाला,

"मामा, इथे हात बदलला."

"काय?"

दोरी काढली. "हात बदलला ना त्यांनी. तीनवर चाललं होतं, आता चारवर आलेत. मागे घ्या, ऐका."

मी मागे घेतलं. ऐकलं. परत घेतलं. कार्टं बरोबर होतं. सुरुवातीला धून तीनच्या चालीत डुलत जाते, वॉल्ट्झ म्हणतात ती हीच, आणि मग गाडी सांधा बदलते तशी तिघंही चारच्या चालीत शिरतात. दादऱ्यातून केरव्यात. धक्का नाही, खडखडाट नाही. तीन आठवडे, रोज दोनदा, चष्मा काढून ऐकणाऱ्या या कानसेनाला ते कळलं नव्हतं. तुला कसं कळलं रे, म्हणून विचारलं, तर म्हणाला, "पथकात चाळीस ढोल असतात. हात बदलताना एक जण चुकला तरी ताशेवाला टिपरू फेकून मारतो. लक्ष ठेवावंच लागतं."

मी हळूच त्याला तिसऱ्या माणसाचं विचारलं. बेस म्हणून जे वाजतं म्हणतात ते तुला ऐकू येतं का?

त्यानं माझ्या हातातल्या मोबाईलकडे पाहिलं. मग माझ्याकडे. ज्या नजरेनं मी त्याच्या दुसऱ्या सेमिस्टरच्या मार्कांकडे बघितलं होतं, तीच नजर.

"मामा, तीन आठवडे यावर ऐकताय? मोबाईलच्या स्पीकरवर बेस कसा येईल? आपला ढोलसुद्धा मोबाईलवर लावला की पत्र्याचा डबा वाटतो."

तर असं आहे. डबल बेस म्हणजे माणसापेक्षा उंच व्हायोलिन. त्याची सगळ्यात जाड तार सेकंदाला एक्केचाळीस वेळा थरथरते. एवढा खर्ज काढायला जी हवा हलावी लागते ती मोबाईलच्या त्या नखाएवढ्या जाळीतून हलत नाही. भाच्यानं आपले मोठे, कान झाकणारे हेडफोन काढून माझ्या डोक्यावर बसवले. आणि मग मला पहिलं गाणं पुन्हा ऐकू आलं. पुन्हा म्हणजे पहिल्यांदा.

पियानो सूर ठेवून थांबतो, ते थांबे आठवतात? मी मोबाईल कठड्याबाहेर धरायचो ते? त्या थांब्यांत तो बोलत होता. खाली, खर्जात, घराच्या पायातून यावा तसा आवाज. पियानो वाक्य अर्धं सोडतो आणि हा ते उचलतो. कधी पुरं करतो, कधी नुसताच 'हं' म्हणतो, कधी वर चढून पियानोच्या अंगणातच येऊन बसतो. मागे उभं राहून ठेका धरणारा हा माणूसच नव्हे. मला समेवर सापडत नव्हता, कारण जिथे मी रिकामी जागा समजत होतो तिथे तो होता.

रात्री त्याच्याबद्दल वाचलं. स्कॉट लाफारो, वय पंचवीस. २५ जूनला त्या तळघरात हे वाजवलं आणि ६ जुलैला, म्हणजे अकराव्या दिवशी, मोटार अपघातात गेला. त्यानंतर कित्येक महिने एव्हान्सनं लोकांपुढे पियानोला हात लावला नाही. त्या दिवशीच्या रेकॉर्डिंगमधून पहिली तबकडी निवडायची वेळ आली तेव्हा त्यानं मुद्दाम लाफारो जिथे उठून दिसतो ते तुकडे निवडले. मी हेडफोन काढून ठेवले. हॉलमध्ये भाचा ढोलाला टेकून झोपला होता. त्याच्या अंगावर चादर टाकली आणि ढोल जरा बाजूला सरकवला. त्याचं वय वीस.

खरी शांतता शेवटी मिळाली ती पितृपक्षात. नाशकात राहणाऱ्याला हा पंधरवडा कळतो. ढोल बंद, वराती बंद, वास्तुशांत बंद, आणि सगळी गर्दी श्राद्धाला रामकुंडाकडे. गंगापूर रोडला चिमणी बोलली तरी ऐकू येते. भाच्याचा ब्लूटूथ स्पीकर हॉलमध्ये मांडला, अण्णा झोपलेले, फ्रिज चालू राहू दिला, आणि लावलं. पियानो आला, झाडू आला, तिसरा आला. सगळे आले. मी डोळे मिटले.

किण्ण.

"अगं," मी डोळे न उघडता ओरडलो, "दोन मिनिटं भांडी ठेव ना खाली!"

उत्तर नाही. परत किण्ण. डोळे उघडले तर सौ. स्वयंपाकघराच्या दारात उभी. हातात मेथीची जुडी.

"मी मेथी निवडतेय," ती म्हणाली. "मेथीचा आवाज येतो का? ती त्यांची भांडी आहेत. तुमच्या त्या तळघरातली."

मी काही बोलणार तेवढ्यात तिनं मेथीसकट हात वर केला. "थांबा. आता ती बाई हसेल."

बाई हसली.

"तुला कसं माहीत?"

"तीन महिने ओट्याशी उभं राहून दुसरं काय ऐकतेय मी? सकाळी लावता तेव्हा ती हसली की पोळ्या संपतात माझ्या. चांगली हसते. तिला कुणीतरी काहीतरी सांगितलेलं दिसतंय, आणि ते वाजवणाऱ्याबद्दल नाहीये." आणि ती आत गेली.

रात्री मुलीचा फोन आला. नीट ऐकलं का, काय काय ऐकलं, म्हणाली. या वेळी मी यादीच करून ठेवली होती, ती वाचून दाखवली. पियानो एक, बेस एक, झाडू एक, दादऱ्यातून केरव्यात एकदा, ग्लास अनेक, हसणारी बाई एक, टाळ्या मोजक्या, आणि कुकरच्या शिट्ट्या दोन.

शिट्ट्या आमच्या. बाकी सगळं न्यूयॉर्कचं.